डब्यातून काढून घेतलेली चिठ्ठी

गेलं वर्षभर माझ्या कपाटावर एक पत्र्याचा चपटा, गोल डबा आहे. पूर्वी सिनेमाची रिळं ज्यात यायची, तसला. कडेला गंज चढलाय आणि झाकण दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय बसत नाही. उद्या संध्याकाळी तो परत न्यायचा आहे. त्याआधी तो माझ्याकडे कसा आला हे लिहून ठेवावंसं वाटतं. मी तो जिंकला असं चारचौघांत म्हणता येईल. पण ते खरं नाही.

दर जानेवारीत परदेशातल्या त्या सगळ्यात मोठ्या सिनेमा-पुरस्काराची नामांकनं जाहीर होतात. सोनेरी बाहुली हातात घेऊन लोक रडतात, तो पुरस्कार. आम्ही त्याला नुसतं ‘बाहुली’ म्हणतो. नामांकनं यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघं जमतो आणि यादीत कोण येणार यावर भांडतो. तिकडच्या यादीशी तुम्हा कोल्हापूरच्या माणसांचा काय संबंध, असं माझी बायको दरवर्षी विचारते, आणि तिला पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. पण कोणता पैलवान कुणाला चीत करणार यावर ज्या गावात चहाच्या गाड्यावर दोन-दोन तास वाद चालतो, त्या गावात आमचं वेड फार उठून दिसत नाही एवढं खरं.

आमच्यातले सगळ्यात मोठे म्हणजे काका. एका थिएटरचे निवृत्त ऑपरेटर. ते थिएटर पाडून तिथं आता कापडाचं दुकान झालंय. काकांनी जन्मभर मशिनच्या खोलीतल्या हातभर खिडकीतून सिनेमे बघितले. त्यांना इंग्रजी येत नाही. मॅटिनीला लागणारे इंग्रजी सिनेमे त्यांनी एक शब्द न कळता बघितले आणि त्याबद्दल ते देवाचे आभार मानतात. भाषा कळली असती तर नुसतं ऐकत बसलो असतो, कळली नाही म्हणून बघायला शिकलो, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या ताई. कॉलेजच्या रस्त्याला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि आम्ही जमतो ते तिथंच, शटर अर्धं खाली ओढून. तिसरे आजऱ्याचे काजूवाले. ते कामासाठी एसटीनं कोल्हापूरला आले की ताईंच्या दुकानात कागदपत्रांच्या प्रती काढायचे, तिथंच सिनेमावरून बोलणं सुरू झालं आणि ते आमच्यातले झाले. इतकी वर्षं झाली तरी आम्ही त्यांना ‘पावणं’च म्हणतो. आणि चौथा मी, सरकारी कचेरीतला कारकून, वय एक्कावन्न.

सगळं जग सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता आणि नट कोण यावर भांडतं. आमचा मुख्य सामना कॅमेऱ्याचा, म्हणजे छायाचित्रणाच्या पाच नामांकनांचा. काकांमुळे. प्रत्येकानं पाच सिनेमांची नावं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी या डब्यात टाकायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंच्या कॉम्प्युटरवर यादी ऐकायची आणि डबा उघडायचा. ज्याची जास्त नावं बरोबर, त्याच्या घरी वर्षभर डबा. ज्याची सगळ्यात कमी, त्यानं नृसिंहवाडीला जाऊन सगळ्यांसाठी कवठाची बर्फी आणायची. 

डबा काकांचा. थिएटर बंद झालं तेव्हा त्यांनी तेवढाच मागून घेतला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं त्यांनी स्वतः लिहिलंय : ‘न बघता बोलायचं न्हाय.’ हा आमचा एकमेव नियम. न बघितलेल्या सिनेमाचं नाव चिठ्ठीत लिहायला हरकत नाही. निम्मे सिनेमे तोवर आपल्याकडे आलेलेच नसतात. पण वादात त्याची बाजू घ्यायची नाही. घेतली आणि पकडला गेला, तर त्यानं आपली चिठ्ठी डब्यातून आपल्या हातानं काढून घ्यायची. पावण्यांवर ही वेळ एकदा आली होती. नुसती जाहिरात बघून ते पंधरा मिनिटं बोलले होते.

तीन वर्षांपूर्वी काकांची नजर गेली. पूर्ण नाही. कडेचं दिसतं, नजरेच्या मधोमध काळा डाग. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे परत येत नसतं. दवाखान्यातून त्यांना रिक्षानं घरी आणताना मी बरोबर होतो. ते म्हणाले, “रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका यायचा बघ. तो दिसला की दुसरं मशिन चालू करायचं. आता ठिपका मधीच आलाय, आणि दुसरं मशिन काय दिसंना.”

त्या जानेवारीत प्रश्न उभा राहिला. काकांनी स्वतःच काढला. ज्याला दिसत नाही त्यानं बोलायचं कसं? नियम म्हणजे नियम. मी आता बाद, म्हणाले. ताईंनी ते उडवून लावलं. आपल्यातल्या कुणीतरी सिनेमा बघून काकांना सांगायचा, आणि तो सांगेल ते काकांनी बघितल्यासारखंच धरायचं, असा तोडगा त्यांनी काढला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझं घर काकांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, शिवाय मला रविवारी सुट्टी. तेव्हापासून मी काकांचे डोळे झालो. हे शब्द ताईंचे. मला ते ऐकायला बरे वाटले होते, हेही कबूल करतो.

रविवारी सकाळी नऊला मी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी जायचो. आठवड्यात एक सिनेमा बघून ठेवायचा आणि रविवारी सांगायचा. पहिल्या रविवारी मी गोष्ट सांगितली. कोण कुणाचा भाऊ, कोण मेला, खून कुणी केला. दहा मिनिटांत संपली. काका म्हणाले, ही तर पेपरातली बातमी झाली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. ती बाई स्वयंपाकघरात उभी आहे म्हणालास, तर उजेड कुठून येतोय? खिडकी डाव्या हाताला की उजव्या? नवरा दारातून बाहेर गेला तेव्हा कॅमेरा त्याच्याबरोबर गेला का बाईजवळ थांबला? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी तो सिनेमा अख्खा बघितला होता आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून मी वही घेऊन बसू लागलो. सावली कुठं पडली, माणूस पाठमोरा कधी झाला, रंग कधी उतरले, असलं काहीबाही टिपायचो. हळूहळू वहीची गरज उरली नाही. कचेरीतही मला दिसू लागलं. माझ्यासमोर सोळा वर्षं बसणारा शिपाई दुपारी तीननंतर खुर्ची सरकवतो, कारण पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन त्याच्या डोळ्यांवर येतं. सोळा वर्षं तो खुर्ची सरकवत होता. मी उठून पडदा ओढला तर तो घाबरलाच, साहेब काय चुकलं का म्हणाला. वयाच्या पन्नाशीत मला कुणीतरी बघायला शिकवलं, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला दिसत नव्हतं. हे ऋण कशानं फेडावं हे मला माहीत नाही. फेडायच्या ऐवजी मी काय केलं ते आता सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतला, वादाच्या आधीचा शेवटचा रविवार. त्या आठवड्यात मला एक तीन तासांचा परदेशी सिनेमा बघायचा होता. एका थंड प्रदेशातल्या हॉटेलात चादरी धुणारी विधवा, आणि घर सोडून गेलेला तिचा मुलगा. एवढीच गोष्ट. शनिवारी नेसरीला सासुरवाडीत वास्तुशांत होती. जेवणं, आहेर, फोटो. परतीच्या गाडीत मी मोबाइलवर सिनेमा लावला, तोही वेग वाढवून. शेवटची चाळीस मिनिटं राहिली असताना मला झोप लागली. घरी आल्यावर बघू म्हटलं आणि बघितला नाही. एवढंच. कुणी आजारी नव्हतं, काही अडचण नव्हती. आळस.

रविवारी काकांसमोर बसलो आणि सांगू लागलो. बघितलेला भाग मी चांगला सांगितला. काका पुढं झुकून ऐकत होते. बघितलं तिथवर आलो. तिथं थांबून म्हणता आलं असतं, काका, इथं झोपलो, बाकीचं उद्या सांगतो. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या. पण त्यांचं ते ऐकणं मला मोडवेना, आणि डोळे म्हणून माझी जी पत झाली होती ती घालवायची माझी तयारी नव्हती. मी तसाच पुढं बोलत गेलो. ती बाई स्टेशनवर जाते. संध्याकाळ झालीय. गाडी येते, थांबते, कुणी उतरत नाही. गाडी सुटते. फलाटावर दिवे नाहीत, फक्त डब्यांच्या खिडक्यांतला उजेड आहे, आणि तो बाईच्या तोंडावरून एकेक खिडकी करून सरकतोय. दिसते, जाते, दिसते, जाते. शेवटचा डबा गेला की अंधार.

काका म्हणाले, “तुकड्या-तुकड्यानं?”

“व्हय काका. एकेक खिडकी.”

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. म्हणाले, ह्यो पाचांत येतोय, लिहून ठेव. मी घरी आलो ते खुशीत. त्या खुशीची मला आजही लाज वाटते.

वादाची संध्याकाळ आली. काकांना मीच हाताला धरून दुकानात नेलं. त्यांच्या चिठ्ठीची नावं ते ताईंच्या कानात सांगतात, ताई लिहितात, आणि काका चिठ्ठीचा एक कोपरा फाडतात, म्हणजे बोटांना ओळख पटते. चिठ्ठ्या डब्यात पडल्या, चहा आला, पावण्यांनी पिशवीतून खारे काजू काढले आणि वाद सुरू झाला. पावणे एका युद्धाच्या सिनेमाच्या बाजूनं होते. त्यांचं म्हणणं, एवढा धूर केलाय की कॅमेरावाल्याचा जीव अर्धा झाला असेल. ताई म्हणाल्या, धुराला नामांकन मिळत असतं तर आमच्या मागच्या चुरमुऱ्याच्या भट्टीला दरवर्षी मिळालं असतं. पावणे म्हणाले, तुम्हांला काय, तुमच्या पिक्चरमध्ये दोन तास एक बाई भांडी घासती, तेवढं बघायला घरी बायको हाय की. असं बराच वेळ चाललं. मग काकांनी हात वर केला.

काका बोलतात तेव्हा आम्ही गप्प बसतो. त्यांनी तो चादरी धुणाऱ्या बाईचा सिनेमा घेतला. तिच्या हातांची वाफ, चादरींचा पांढरा, बर्फाचा पांढरा, सगळं सांगितलं. न बघितलेला सिनेमा त्यांनी असा उभा केला की मलाच तो नव्यानं दिसला. मग शेवटावर आले. गाडी, फलाट, खिडक्यांचा उजेड. म्हणाले, असा शेवट बघायला माणसानं जगावं.

पावणे काजू खायचे थांबले. “काका, कुठली रेल्वे? मी काल रात्री बघितलाय पिक्चर. पिक्चरमधी रेल्वेच न्हाय. पोरगा घरी येतोय शेवटी.”

आणि ते हसले. वाईट मनानं नाही. ताईही हसल्या, त्यांनी तो सिनेमा बघितला नव्हता, पण पावण्यांचा सूरच तसा होता. काकांनी तोंड माझ्या दिशेनं वळवलं. त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं. त्यांनी फक्त कान दिला. मी बोलेन म्हणून ते थांबले.

मी म्हणालो, “काका, तुमचं दुसऱ्या कुठल्या पिक्चरशी मिसळलं असंल.”

एवढं लिहायला मला वर्ष लागलं. खोटा शेवट सांगितला त्याला आळसाचं कारण देता येतं. या वाक्याला कसलंच कारण नाही.

“असंल,” काका म्हणाले. “वय झालं.” मग त्यांनी डबा पुढं मागितला, झाकण उघडलं, आत हात घालून बोटांनी चिठ्ठ्या चाचपल्या, फाटक्या कोपऱ्याची काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ताई म्हणाल्या, अहो काका, राहू दे, एवढं काय त्यात. ते म्हणाले, नियम माझाच हाय.

मी त्यांना घरी सोडलं. दारात ते म्हणाले, आता रविवारी येऊ नकोस. डोळे गेले ते गेले, आता डोक्यातही मिसळायला लागलंय, उगाच तुझा रविवार कशाला घालवू. मी ‘काका’ एवढंच म्हणालो. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी यादी आली. काका दुकानात आले नाहीत. माझी पाचांतली तीन नावं बरोबर आली, बाकी दोघांची दोन-दोन. चादरीवाला सिनेमा यादीत होता. ताईंनी डबा माझ्या हातात दिला आणि पावणे चहावाल्याला हाक मारायला बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, “काकांच्या चिठ्ठीत चार होते.” त्यांनीच ती लिहिली होती.

मी डबा घरी आणून कपाटावर ठेवला. बायकोनं अभिनंदन केलं. तीन आठवडे मी काकांच्या गल्लीकडे फिरकलो नाही. बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायचो. रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगायचं. एक मन असंही म्हणायचं की आता सांगून काय होणार, चिठ्ठी तर गेली, झालं ते झालं. हे मन माझं जुनं ओळखीचं आहे. आयुष्यातली बरीच कामं त्यानंच टाळलीत.

मग एका संध्याकाळी काकांची सून भाजीच्या गाड्यावर भेटली. तिनं विचारलं, दादा, डोक्याचा चांगला डॉक्टर कोण आहे तुमच्या माहितीत? मामंजी ऐकत नाहीत, मला दाखवा म्हणतात. दिवसभर खाटेवर बसून जुन्या सिनेमांची रिळं पाठ म्हणतात. पहिल्या रिळात काय, दुसऱ्यात काय, अठराव्यापर्यंत. एकही चुकत नाही, आमच्या ह्यांनी पडताळून बघितलं. तरी त्यांचा विश्वास बसत नाही. परत पहिल्यापासून सुरू करतात.

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. आपण त्या माणसाचं काय घेतलं हे तेव्हा मला कळलं. डोळे गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, जे बघून ठेवलंय ते. त्यावरचा त्यांचा भरवसा मी एका वाक्यात काढून घेतला होता, माझी अब्रू वाचावी म्हणून.

त्या शनिवारी दुपारी मी सिनेमाची ती शेवटची चाळीस मिनिटं बघितली. साध्या वेगानं. रविवारी नऊ वाजता डबा पिशवीत घालून गेलो.

काका खाटेवर बसून लसूण सोलत होते. ते काम त्यांना दिसत नसलं तरी जमतं. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच बोललो.

“काका, तुमचं काय मिसळलं न्हवतं. मी तुम्हांला सांगितलं तेच तुम्ही बोलला. मी शेवट बघितलाच न्हवता. झोपलोतो. रेल्वे मी घातली.”

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं.

“म्हंजे माझं डोस्कं ठीक हाय?”

“ठीक हाय काका. एकदम ठीक हाय.”

त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सुनेला हाक मारली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, दवाखान्यात जायचं न्हाय आता. मग ते हसायला लागले. खरोखरचं, पोट हलवून हसणं. मलाही वाटलं, संपलं, सुटलो. तेवढ्यात ते हसायचे थांबले.

“शेवट बनवलास त्येचं मला काय न्हाय,” ते म्हणाले. “मीबी एकदा गडबडीत नवव्या रिळाच्या आधी धाव्वं लावलंय. मेलेला माणूस जिता झाला पडद्यावर. पब्लिकनं शिट्ट्या घातल्या, खुर्च्या आपटल्या. मी खिडकीतनं मुंडकं भाईर काढून वरडून सांगितलं, चूक माझी हाय, परत लावतो. मशिनवर ढकललं न्हाय मर्दा. तू माझ्यावर ढकललंस.”

त्यांनी लसणाची वाटी बाजूला सारली आणि खाटेवर हात आपटून बस म्हणाले. मी बसलो. मग त्यांनी विचारलं, “ती रेल्वे कुठनं आणलीस?”

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. पण उत्तर लगेच आलं. मी पहिल्यांदा नोकरीला गेलो तेव्हा आई स्टेशनवर सोडायला आली होती. कोल्हापूरची गाडी, थंडीतली संध्याकाळ. तिच्या हातात भाकरीचं फडकं आणि अंगावर दंडाला ठिगळ असलेली चोळी. डब्यात माझ्याबरोबर नोकरीला लागलेली दोन पोरं होती, चांगल्या घरची. गाडी सुटली. फलाटाच्या टोकाला दिवे नव्हते, तिथवर ती गाडीबरोबर चालत आली आणि उभी राहिली. आमच्या डब्यांचा उजेड तिच्या तोंडावरून सरकत गेला. तिनं हात हलवला. मी हलवला नाही. पोरं बघत होती म्हणून. आई जाऊन नऊ वर्षं झाली आणि हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. काकांना सांगितलं.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लसणाचा वास येणारा. समजूत घातली नाही. म्हणाले, आता खरा शेवट सांग.

मी सांगितला. मुलगा परत येतो. बाई चुलीजवळ पाठमोरी बसलीय. तो दारात उभा राहतो. ती वळून बघत नाही, उठत नाही. एवढंच म्हणते, दार लाव, थंडी आत येतीय.

“उजेड?”

“दारातनंच. तिच्या पाठीवर पडलाय, त्येची सावली तिच्याजवळ भिताडावर. तो दार लावतो तसा उजेड बारीक होत जातोय, आणि चुलीचा तांबडा तेवढा राहतो.”

“तोंड दाखवलंच न्हाय तिचं?”

“न्हाय.”

काका डोकं मागं टेकून बसले. “तुझ्या रेल्वेनं मला रडवलं,” म्हणाले. “ह्यानं गप बसवलं. ह्यो मोठा हाय.”

मी पिशवीतून डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. तुमचा आहे, चार नावं बरोबर होती तुमची, असं म्हणालो. त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली आणि डबा माझ्याकडे सरकवला. चिठ्ठी बाहेर काढली ती काढली, जिंकणार कसा? तुझ्याकडंच राहू दे. वर्षभर बघ त्याच्याकडं. आणि जे मला सांगितलंस ते त्या दोघांनाही सांगायचं, उभं राहून, मी समोर असताना.

पावणे पुढच्या बुधवारी येणार होते. त्या दिवशी ताईंच्या दुकानात मी उभा राहून सगळं सांगितलं, आईची हकिकत वगळून. ती काकांनीच वगळायला लावली, ते घरातलं आहे म्हणाले. पावणे आधी काकांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, त्या दिवशी हसलो, चुकलं. मग मला म्हणाले, पुढच्या वर्षी कथेच्या नामांकनात तुमचंच नाव लिवतो. ताई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी तीनच चहा मागवले. माझा चहा पुढं दोन महिने बंद होता. मग एकदा त्यांनी न विचारता कप पुढं केला, आणि मी तो उभ्या-उभ्या, जीभ पोळवून प्यायलो.

रविवार पुन्हा सुरू झाले. आता सांगून झालं की काका विचारतात, शेवटपर्यंत बघितलास न्हवं? मी खरं सांगतो. कधी एखाद्या ठिकाणी म्हणतो, काका, तिथं मला दिसलं नाही. ते म्हणतात, मग परत बघ. मी घरी येऊन परत बघतो. असं म्हणता येणं हे केवढं सुख आहे हे मला आधी माहीत नव्हतं. कचेरीत, घरात, कुठंच मी आजवर ‘मला माहीत नाही’ असं सहज म्हणालेलो नाही. त्या खाटेवर बसून म्हणायला शिकलो. ज्या माणसानं मला हाकलून द्यायला हवं होतं त्यानं जागा सरकवून बस म्हटलं, म्हणून शिकलो.

आज रविवार. उद्या वादाची संध्याकाळ. सकाळी गेलो तर काकांनी उशीखालून कोरा कागद काढला आणि म्हणाले, या वर्षी चिठ्ठी तू लिही. मी म्हटलं, ताई लिहितात की दरवर्षी. ते म्हणाले, तू लिही. त्यांनी पाच नावं सांगितली, आपल्या उच्चारात, सावकाश. मी प्रत्येक नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. काका कागद हातात घेऊन बोटानं कडा चाचपत होते. मी म्हटलं, वाचून दाखवतो.

“सांगितलं तेच लिवलंस न्हवं?”

“तेच, काका.”

“मग वाचू नगोस,” म्हणाले, आणि त्यांनी चिठ्ठीची घडी घालून कोपरा फाडला आणि ती माझ्या हातात दिली.

ती चिठ्ठी आत्ता कपाटावरच्या डब्यात आहे. झाकण मी दोन्ही हातांनी दाबून बसवलंय.